धार

बर्फ नव्हे, हे आधी कुत्र्याला कळलं.
नाक खुपसलं, शिंकला,
पलंगाखाली शिरला तो तीन दिवस बाहेर आलाच नाही.
आम्ही मात्र दारात उभे, हात पसरून.
ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा,
पांढरं काही पडलं तर दुसरा संशय कशाला घ्यायचा?
पण तळहातावरचं वितळेना.
ओनेसिमोने, माझ्या धाकट्या भावाने,
चाटून पाहिलं आणि म्हणाला, काच.

डोंगर तिकडे, सरहद्दीपलीकडे, चिलीत.
त्याचं तोंडसुद्धा आम्ही कधी पाहिलं नव्हतं.
रेडिओवाला त्याचं नाव घेत होता, हडसन, हडसन,
बदली होऊन आलेल्या नव्या अंमलदाराचं घ्यावं तसं.

भर दुपारी कोंबड्या आढ्यावर चढून निजल्या.
आईने कंदील लावला, मग विझवला,
रॉकेल किती दिवस पुरवायचं कोणाला ठाऊक.
ओली फडकी दारांच्या फटीत,
ओली फडकी आमच्या तोंडावर,
आणि अंधारात तिचे पीठ मळल्याचे धपके.
त्या पावाची कचकच
आम्ही कोणी बोलून दाखवली नाही.
बाहेर कुंपणाच्या तारेवर निळ्या ठिणग्या नाचत होत्या,
आवाज न करता.

चौथ्या दिवशी बाबा वाडग्याकडे गेले.
मेंढ्या बसलेल्या. सगळ्या गाभण.
लोकरीत राख, राखेवर दहिवर,
एकेकीच्या पाठीवर जणू दुसरी मेंढी.
उठायला जायच्या आणि गुडघ्यांवरच राहायच्या.
डोळे चिकटलेले. तोंडं मात्र चालू,
राखेचाच रवंथ.

बाबा बराच वेळ उभे होते.
लोकर कातरली तर थंडीने जातील.
नाही कातरली तर इथेच, बसल्या जागी.
शेजारच्या एर्सिलियाबाई म्हणाल्या,
एलेउतेरियो, देवावर सोड.
बाबा म्हणाले, देवाला कातर धरता येते का?

माझं काम दगड भिजवायचं.
एक मेंढी झाली की कातर बोथट.
आधी कधी एका धारेत तीसेक व्हायच्या.
पातं घासताना जो आवाज यायचा
तो मला अजून नीट सांगता येत नाही,
दाताच्या मुळाशी येतो एवढंच.
एक मेंढी, दगड. एक मेंढी, दगड.
संध्याकाळ कधी झाली कळलं नाही,
सकाळही कुठे कळली होती.

रात्री एकोणीस मेंढ्या स्वयंपाकघरात,
उघड्या, गुलाबी, थरथरत,
एकमेकींकडे न बघता उभ्या.
आईने आपली शाल एकीवर टाकली.
मग म्हणाली, हिलाच का?
आणि काढून घेतली.

सकाळी सात उरल्या होत्या.
बाहेरच्यांची मोजणी बाबांनी आम्हाला सांगितली नाही.
आम्ही विचारली नाही.

राख गेली असं लोक म्हणतात. ती गेली नाही.
आमच्याकडचा वारा काही फेकून देत नाही,
इथलं उचलतो, तिथे ठेवतो, पुन्हा आणतो.
माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा
पश्चिमेकडून करडी भिंत चालत आली
आणि वऱ्हाडी मंडळींनी न सांगता रुमाल काढले.

आता मी कोमोदोरोला राहते, समुद्राजवळ.
गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरने विचारलं,
झोपेत दात खाता का?
तरुण आहे, उत्तरेकडून आलेला.
म्हटलं, हो, सवय आहे.

बाबांची कातर माझ्याकडे आहे,
कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
धारवाला गल्लीत ओरडत जातो, दर मंगळवारी.
मी खिडकीपर्यंत जाते.